पुठ्ठ्याचं एटीएम

शशिकांतरावांनी स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं दोन्ही हातांनी ओढलं, तशी वर्षभराची धूळ थेट खालच्या कणकेच्या परातीत पडली. मालिनीने परात बाजूला सरकवली. एरवी एवढ्या निमित्तावर तिने नवऱ्याची चांगली हजेरी घेतली असती. पण कुठलं खोकं खाली येतंय ते तिने पाहिलं आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"ओलं फडकं दे गं जरा."

तिने दिलं. शशिकांतराव खोकं पुसू लागले. ते मिक्सरचं खोकं होतं. त्याच्या दर्शनी बाजूला निळ्या स्केचपेनने आकडे काढलेले होते, वर चौकोनी पडदा कापलेला होता, आणि उजवीकडे कार्ड आत सरकवायची फट होती. फटीभोवती पुठ्ठ्याचं एक हिरवं तोंड चिकटवलेलं होतं. पैसे बाहेर यायच्या जागी "कृपया मोजून घ्या" असं अनुयाच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"हे कशाला काढलंत आता?" मालिनीने विचारलं.

"देवदत्त आणि श्रद्धा येतायत संध्याकाळी. परवा निघतायत ना ते इटलीला. सकाळी लिफ्टमध्ये भेटला. त्याला माझा सल्ला हवा होता, पण विचारायचा धीर होत नव्हता. मीच म्हटलं, ये."

गेल्या वर्षभरात शशिकांतराव सलग इतकं बोललेले तिला आठवत नव्हतं. तिने धूळ पडलेली कणीक केराच्या डब्यात टाकली आणि नवी घेतली.

शशिकांतरावांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात गेली, तीही सेफ्टी ऑफिसर म्हणून. न सांगता भोंगा वाजवायचा आणि आग लागल्याचं सोंग करून माणसं किती वेळात बाहेर येतात ते पाहायचं, हे त्यांचं काम. या मॉक ड्रिलचा किडा त्यांनी घरीही आणला. मालिनी नवी नवरी असताना एकदा भर दुपारी ते "गॅस लीक, गॅस लीक" असं ओरडत आले आणि ती पुरणाचं पातेलं घेऊन जिन्यात पळाली. "पातेलं कशाला घेतलंस? नापास," ते म्हणाले. ती गोष्ट ती पुढे तीस वर्षं पाहुण्यांना सांगत आली.

रिटायर झाल्यावर त्यांना नवा उद्योग मिळाला. शिवमंदिराच्या बाजूच्या या सोसायटीत आता घरटी एखादं पोर परदेशात आहे. आईबाप एकदा तरी तिकडे जाऊन येतात, आणि जाण्याआधी शशिकांतरावांची शिकवणी करून जातात. तिकडचे खिसेकापू, खोटे पोलीस, पैसे बदलून देणारी लबाड दुकानं, कार्ड गिळणारी मशीनं, सगळं त्यांनी वाचून काढलेलं. चोराला द्यायचं खोटं पाकीटसुद्धा ते उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातल्या भावेशच्या दुकानातून आणत. भावेश म्हणायचा, "साईं, सगळे लोक ओरिजिनल मागतात, तुम्ही एकटे डुप्लिकेट मागता."

आणि या शिकवणीची पहिली विद्यार्थिनी होती त्यांची लेक अनुया. पुठ्ठ्याचं हे मशीन तिच्यासाठीच बनलं होतं.

देवदत्त आणि श्रद्धा आले ते पेढे घेऊन आले. पुडा टीपॉयवर ठेवताना श्रद्धाची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. हार घातलेल्या फोटोखाली पेढे ठेवले म्हणून ती ओशाळली आणि पुडा उचलून मालिनीच्या हातात दिला.

"काकू, आम्ही नकोच म्हणत होतो. काकांना त्रास होईल."

"होऊ दे. बोलतायत तरी," मालिनी म्हणाली.

शशिकांतरावांनी खोकं टेबलावर नीट उभं केलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी देवदत्तच्या हातात एक जुनं, मुदत संपलेलं कार्ड ठेवलं.

"समज, तू रोममध्ये आहेस. पैसे हवेत. रस्त्यावर मशीन दिसलं. काढ."

देवदत्त अंमळ लाजला. चाळिशी ओलांडलेला माणूस, ऑफिसात दहा जण त्याला सर म्हणतात. पण काकांपुढे उभा राहिला आणि त्याने कार्ड फटीत सरकवलं.

"संपलं. गेलं तुझं कार्ड."

"अहो काका, पण मी काय केलं?"

"पहिली चूक, रस्त्यावरचं मशीन घेतलंस. बँकेच्या आत असेल तेच घ्यायचं, आणि बँक उघडी असताना. कार्ड अडकलं तर आत जाऊन सांगता येतं. दुसरी चूक," असं म्हणून त्यांनी फटीभोवतीचं हिरवं तोंड दोन बोटांनी धरून ओढलं. ते अलगद हातात आलं. "कार्ड घालण्याआधी हे ओढून बघायचं. खरं असेल तर हलत नाही. चोराने वरून बसवलेलं असेल तर असं निघतं."

श्रद्धा हसली. देवदत्तने ते पुठ्ठ्याचं तोंड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

मालिनी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हेच तोंड अनुयाने पहिल्याच फटक्यात उपटून काढलं होतं. मग स्वतःच्या ओठांवर धरून ती म्हणाली होती, "बाबा, कार्ड द्या ना, भूक लागलीय मला." शशिकांतराव चिडले होते. खोटं खोटं चिडले होते, पण बराच वेळ.

"आता आकडे दाबताना दुसऱ्या हाताने झाकायचं. मागे कुणी नसलं तरी झाकायचं, चोराचा कॅमेरा वर असतो. मग मशीन विचारेल, हिशेब रुपयात करू का? परक्या मुलखात रुपया दिसला की आपल्याला बरं वाटतं. तिथे फसायचं नाही. नाही म्हणायचं, तिथल्याच पैशात घ्यायचं. रुपयाचा भाव ते मशीन स्वतः लावतं आणि ते काही आपल्या नात्यातलं नाही."

"आणि अडकलंच कार्ड तर?" श्रद्धाने विचारलं.

शशिकांतराव लगेच वळले, चेहऱ्यावर भलतंच गोड हसू आणलं आणि देवदत्तच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "एनी प्रॉब्लेम, सर? मे आय हेल्प? पिन पुन्हा दाबा, माझंही काल असंच झालं होतं."

देवदत्तचं बोट आपोआप आकड्यांकडे गेलं.

"नापास," शशिकांतराव म्हणाले. "मदतीला येतो ना, तोच चोर असतो. अंगावर सॉस सांडला म्हणून पुसायला येणारी बाई, पाकीट दाखवा म्हणणारा पोलीस, सगळे मदतच करत असतात. अनोळखी माणसाची मदत घ्यायची नाही."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज किंचित खाली आला. ते फक्त मालिनीला कळलं.

अनुया कंपनीच्या कामासाठी जर्मनीत गेली होती. परत येऊन चिखलोलीला फ्लॅट घ्यायचा, स्टेशन झालं की भाव वाढतील, असे तिचे बेत चालले होते. शशिकांतरावांनी तिला सगळं शिकवून पाठवलं होतं. फोन चोरीला गेला तर काय, म्हणून स्वतःचा नंबर उलटा-सुलटा पाठ करून घेतला होता. आणि घरातला एक शब्द ठरवला होता. मी अनुया बोलतेय, पैसे पाठवा, असा कुणाचाही फोन आला, अगदी तिच्याच आवाजात आला, तरी आधी शब्द विचारायचा. आवाजाची नक्कल आता मशीनही करतं. शब्द सांगितला नाही तर फोन कापायचा. शब्द अनुयानेच निवडला होता, पडवळ. "जगातला कुठलाही चोर पडवळ म्हणणार नाही, बाबा. मीसुद्धा जिवावर आल्याशिवाय म्हणणार नाही."

मग बापलेकीचा खेळच झाला. ती तिकडून कुणा मित्राच्या फोनवरून पोलीस बनून फोन करी. कधी एखादी मैत्रीण हॉटेलची मॅनेजर होई. शशिकांतराव शब्द विचारत, पलीकडे गोंधळ होई, ते फोन कापत. पाच मिनिटांत तिचा मेसेज येई, "बाबा, पास." तो मेसेज ते मालिनीला आणून दाखवत. परीक्षेचा निकाल दाखवावा तसे.

त्या संध्याकाळी मालिनी खोबऱ्याची चटणी वाटत होती. मिक्सर चालू होता. तो बंद केला तेव्हा शशिकांतराव हसत हसत आत आले.

"तुझ्या लेकीने आज कमाल केली. लिस्बनला फिरायला गेलीय ना, तिथून फोन. एका बाईला नर्स बनवलं होतं. मोडकंतोडकं इंग्रजी, ॲक्सिडेंट, हॉस्पिटल, सगळं साग्रसंगीत. मग स्वतः आली फोनवर. काय आवाज काढला होता. मी म्हटलं, शब्द सांग. दोनदा विचारलं. नाही सांगितला. कापला फोन."

"मग झालात की पास," मालिनी म्हणाली होती. हे ती म्हणाली होती. तिला ते रोज आठवतं.

जेवताना त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला होता, मेसेजची वाट बघत. तो आला नाही. सकाळी कंपनीची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली, तेव्हाही शशिकांतरावांनी जाळीचं दार न उघडता आधी ओळखपत्रं मागितली. लिस्बनमध्ये रस्ता ओलांडताना अनुयाला गाडीने उडवलं होतं. तिचा फोन फुटला होता. बाबांचा नंबर तेवढा पाठ होता, तो तिने नर्सला सांगितला होता.

अपघात सोसायटीला माहीत होता. फोनचं दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

अंत्यविधी झाल्यावर मालिनीने एकदाच विचारलं होतं, "काय म्हणाली ती?" शशिकांतराव म्हणाले होते, "शब्द नाही सांगितला." एवढंच. तिने पुन्हा विचारलं नाही. पण अनुया फोनवर आली होती म्हणजे काहीतरी बोलली असणारच, एखादं तरी वाक्य. लेकीचं शेवटचं वाक्य नवऱ्याजवळ होतं आणि तो ते देत नव्हता. तिने एकाच घरात त्यांच्यासाठी चहा केला, गोळ्या काढून ठेवल्या, कपड्यांच्या घड्या केल्या, पण त्यांच्या शेजारी बसणं सोडून दिलं. चहा टीपॉयवर ठेवायचा आणि आत यायचं. बाजारात पडवळ दिसलं की टोपली ओलांडून पुढे जायचं.

शशिकांतरावांनी तेव्हापासून एक विचित्र गोष्ट सुरू केली. अनोळखी नंबरचा एकही फोन ते सोडत नसत. लोन घ्या, लॉटरी लागली, तुमचं वीजबिल थकलंय, कोणीही असो. ते फोन घेऊन गॅलरीत जात आणि शेवटपर्यंत ऐकत. एकदा खात्यातून पैसेही गेले. त्यांनी बँकेत साधी तक्रार केली नाही. मालिनीने मनात म्हटलं, आता आणखी काय काय बघायचं राहिलंय.

"काका, शेवटचं मात्र आम्ही आधीच करून ठेवलंय," श्रद्धा उत्साहाने म्हणाली.

"काय?"

"शब्द. तुम्ही मागे जोशी काकूंना सांगितला होतात ना, तसा. आमच्या राजसीची परीक्षा आहे, म्हणून ती बदलापूर गावात आईंकडे राहणार. दोघींना सांगून ठेवलंय, आमच्या नावाने फोन आला तर आधी शब्द विचारायचा. नाही सांगितला तर सरळ कापायचा. पुन्हा आला तर उचलायचाच नाही."

"आणि आई तर भारीच आहे," देवदत्त हसून म्हणाला. "म्हणते, 'मी इचारल्याबिगर देवालाबी वळख देयाची नाय.'"

शशिकांतराव ते हिरवं तोंड पुन्हा फटीवर चिकटवत होते. टेप जुनी झाली होती, तोंड राहत नव्हतं. त्यांनी ते दाबून धरलं. बराच वेळ दाबून धरलं.

"नको," ते म्हणाले.

"काय नको, काका?"

"शब्द नको. आज रात्री तुझ्या आईला, कौसाबाईंना, फोन कर आणि सांग, शब्द रद्द. कुणाचाही फोन आला तरी घ्यायचा. पूर्ण ऐकायचा. आपला माणूस फोनवर आहे असं म्हणत असतील तर त्याच्याशी बोलायचं."

देवदत्तने श्रद्धाकडे पाहिलं. "पण काका, खोटा निघाला तर? पैसे मागितले तर?"

"द्यायचे."

"म्हणजे फसायचं?"

"फसायचं," शशिकांतराव म्हणाले. "फसलेलं बरं असतं, देवदत्त."

पुठ्ठ्याचं तोंड त्यांच्या बोटातून सुटून जमिनीवर पडलं. देवदत्त ते उचलायला वाकला. श्रद्धाला काही समजलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळलं असावं. तिने पर्स उचलली. आईंना आजच फोन करतो, असं दोघांनी सांगितलं. नमस्कार केला. दारात चपला घालताना श्रद्धाने मालिनीचा हात उगाचच धरला आणि सोडला.

दार लागलं. मालिनी तिथेच उभी राहिली. आत जाऊन पोळ्या लाटायला हव्या होत्या. वर्षभर तिने नवऱ्याकडून काहीतरी ऐकायची वाट पाहिली होती. आज त्यांनी ते परक्यांना सांगितलं, तिला नाही. तिला राग यायला हवा होता. राग आलाही, पण त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं.

शशिकांतरावांचा फोन वाजला.

नंबर अनोळखी होता. एरवी ते गॅलरीत गेले असते, पण वाटेत टेबल ओढलेलं होतं आणि त्यावर ते खोकं. ते जागीच खुर्चीवर टेकले आणि फोन स्पीकरवर घेतला. हल्ली त्यांना कानाशी धरून नीट ऐकू येत नसे.

"हॅलो सर, मैं आपके बँक के हेड ऑफिस से बोल रही हूँ. आपका एटीएम कार्ड आज बंद होनेवाला है."

मुलीचा आवाज होता. कोवळा, पाठ केलेलं घडाघडा म्हणणारा. तिच्या मागे आणखी कितीतरी आवाज तेच म्हणत होते.

"बोलो बेटा," शशिकांतराव म्हणाले.

"सर, कार्ड चालू रखने के लिए उसके पीछे का नंबर बताइए."

"तुम ठीक हो ना?"

"जी?"

"तबियत ठीक है? कुछ लगा तो नहीं?"

असं काही त्या मुलीला पाठ करून दिलेलं नसावं. मग तिने घाईने पुढचं सुरू केलं. "सर, आपको समझ में नहीं आ रहा है, तो घर में और कोई है क्या? उनको फोन दीजिए."

मालिनीने पाहिलं, शशिकांतरावांच्या चेहऱ्याचं काहीतरी झालं. हनुवटी हलली. ते खुर्चीवरून उठले.

"है. है ना," ते फोनमध्ये म्हणाले. "देता हूँ. तुम रखना मत, बेटा. मैं भी नहीं काटूंगा."

ते दोन पावलं चालत आले. फोन त्यांनी तळहातावर ठेवून मालिनीपुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "तुला मागतेय. आईला द्या म्हणतेय."

पलीकडची मुलगी आईचं नाव बोलली नव्हती. फोन स्पीकरवर होता, मालिनीने सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्यांनी नजर खाली नेली नाही. वर्षभरात पहिल्यांदाच नेली नाही. हे वाक्य अनुयाचं होतं. त्या संध्याकाळी मिक्सर चालू होता. स्वयंपाकघर इथून चार पावलांवर होतं.

"हॅलो?" फोनमधून मुलगी म्हणाली. "मॅडम, आप हैं क्या?"

मालिनीने हात पदराला पुसले. कणीक बोटांना तशीच चिकटलेली राहिली. तिने फोन दोन्ही हातांत घेतला आणि नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"बोल बाळा," ती म्हणाली. "आई बोलतेय."

पलीकडच्या मुलीने फोन ठेवला नाही.